वरिष्ठांना कळवण्यात येईल

पंचायत समितीत चौतीस वर्षं नोकरी केली, पण माझ्या नावानं मेमो म्हणून एक कागद कधी निघाला नाही. निरोपसमारंभात साहेबांना माझ्याबद्दल सांगण्यासारखं दुसरं काही सापडलं नाही, म्हणून त्यांनी हेच दोनदा सांगितलं. अशा माणसाला पहिला मेमो मिळाला तो निवृत्तीनंतर, स्वतःच्या घरात, आणि तोही बायकोच्या कॉम्प्युटरकडून.

बायकोचा कॉम्प्युटर हे मी मुद्दाम म्हणतो. घर माझ्या नावावर आहे, विजेचं मीटर माझ्या नावावर आहे, पाण्याचा नळसुद्धा रामराव याच नावानं ठिबकतो. पण कॉम्प्युटर दैवशालाचा. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवायची. शाळेला विंडोजऐवजी लिनक्सवाले संगणक मिळाले तेव्हा जालन्याला तीन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. बाकीचे मास्तर सही करून, चहा पिऊन परत आले. ही शिकून आली, आणि आल्या आल्या घरच्या कॉम्प्युटरवरही तेच बसवून घेतलं.

"ह्याच्यात व्हायरस येत न्हाई," तिनं कारण सांगितलं. मग जरा थांबून म्हणाली, "आणि तुम्हाला काही उडवता येत न्हाई."

दुसरं कारण पहिलं होतं हे मला तेव्हाच कळलं. त्या यंत्रात ती प्रशासक आणि मी साधा वापरकर्ता. मी पत्ते खेळू शकत होतो, पेपर वाचू शकत होतो. पण एवढंसं काही बदलायचं म्हटलं की तिचा पासवर्ड लागायचा. ज्या माणसानं तालुक्यातल्या पंच्याऐंशी ग्रामपंचायतींच्या फायली हाताळल्या, त्याला घरच्या कॉम्प्युटरातल्या घड्याळाचा काटा हलवायची परवानगी नव्हती.

घड्याळाचंच झालं. आमच्या घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे असतात. मीच लावलेली आहेत, आणि त्यामुळे या घरातल्या कोणाची जालन्याची एसटी आजवर चुकलेली नाही. एकटा कॉम्प्युटर तेवढा खरी वेळ दाखवायचा. घरात दोन वेळा असणं मला शिस्तीला धरून वाटेना. मी पुण्याला भारतला फोन केला. भारत आमचा मुलगा, तोही कॉम्प्युटरमध्येच आहे. त्यानं एक आज्ञा सांगितली आणि म्हणाला, "पप्पा, तिच्याआधी सुडो लिहायचं. म्हणजे साहेबाच्या अधिकारात काम करणं." अधिकाराचं नाव निघाल्यावर मी ताठ बसलो आणि एकेक अक्षर शोधून आज्ञा लिहिली. यंत्रानं माझा पासवर्ड मागितला. दिला. मग इंग्रजीत उत्तर आलं, ते मी दोनदा वाचलं. अर्थ असा होता की तुमचं नाव अधिकाऱ्यांच्या यादीत नाही, आणि ही घटना वरिष्ठांना कळवण्यात येईल.

मी आधी दाराकडे पाहिलं. मग कॉम्प्युटर बंद केला आणि भाजीत मीठ कमी आहे अशी उगाच तक्रार करायला स्वयंपाकघरात गेलो.

दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता दैवशाला म्हणाली, "काल घड्याळाला हात लावला ना?"

मी म्हटलं, "कोण म्हणतं?"

"मला कळतं."

तिला नेहमीच कळायचं. मी प्रिंटरशी झटापट केली तरी कळायचं, पडद्यावरची अक्षरं मोठी करायला गेलो तरी कळायचं. कळवणारा कोण हे मात्र मला कधी कळलं नाही. बरेच दिवस माझा संशय शेजारच्या अण्णासाहेबांवर होता. अण्णासाहेब निवृत्त तलाठी, आणि त्यांच्या गच्चीवरून आमची खिडकी दिसते.

गेल्या वर्षीच्या खंडेनवमीला दैवशालानं दरवर्षीप्रमाणे घरातल्या हत्यारांची पूजा केली. विळी, शिलाई मशीन, माझी सायकल आणि कॉम्प्युटर. कॉम्प्युटरची पूजा ती मनापासून करायची. हळदीकुंकवाची बोटं, अक्षता, फूल, तांब्यातलं पाणी. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, म्हणून तिनं तो चालू केला नाही. दसऱ्याला संध्याकाळी सोनं वाटून आलो आणि तिच्या छातीत दुखायला लागलं. जालन्याला नेलं. अकराव्या दिवशी ती गेली.

याच्यावर मला काही विनोद सुचत नाही. पुढं जातो.

घाईत भिंतीवर लावायला तिचा फोटो सापडेना. तिच्या मोबाईलचा पडदा दवाखान्याच्या धावपळीत फुटला होता आणि तो परत चालूच झाला नाही. शेवटी भारतनं आधार कार्डावरचा फोटो मोठा करून आणला. आधार कार्डाच्या फोटोत माणूस कसा दिसतो ते तुम्हाला ठाऊक आहे. पोलिसांनी आत्ताच कोपऱ्यात उभं केल्यासारखी दैवशाला वर्षभर भिंतीवरून माझ्याकडे पाहत राहिली. आलेला माणूस हार घालायचा आणि म्हणायचा, "वहिनी अशा न्हवत्या हो." नव्हतीच. तिचा एक फोटो होता. पिंपळगावला रेणुकाईच्या दर्शनाला गेलो होतो तेव्हा मी काढलेला. ती त्यात हसत होती, पोट धरून. तो तिनं कॉम्प्युटरवर आपल्या खात्यात ठेवला होता. वर्षश्राद्धाला भिंतीवर तोच फोटो लावायचा, एवढंच मी ठरवलं होतं. एवढ्या साध्या कामात माझा अख्खा पावसाळा गेला.

पासवर्ड मला सापडला. गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर तिच्या अक्षरात होता. वाचून मी तिथंच खाली बसलो. पासवर्ड म्हणजे माझं नाव होतं, आणि पुढे आमच्या लग्नाचं साल. लग्नानंतर छत्तीस वर्षांत दैवशालानं माझं नाव तोंडानं घेतलं ते फक्त उखाण्यात, आणि तेही बायकांनी वाट अडवल्यावर. बँकेत फॉर्म भरतानासुद्धा नवऱ्याचं नाव विचारलं की ती माझ्याकडे बोट दाखवायची. आणि ही बाई रोज सकाळी कॉम्प्युटर उघडताना ते टाईप करत होती!

मी डोळे पुसले, कॉम्प्युटरसमोर बसलो, डाव्या हातानं शिफ्ट दाबून पहिलं अक्षर मोठं केलं आणि उजव्या हाताच्या बोटानं माझं नाव लिहिलं. यंत्र म्हणालं, चूक.

पुन्हा लिहिलं. चूक. साल तपासलं, लग्नाची पत्रिका काढून पाहिली. साल बरोबर, नाव बरोबर. सर्व्हिस बुकात, पेन्शनच्या आदेशात, मतदार यादीत जे नाव सरकारनं मान्य केलं, ते माझ्याच घरातलं एक यंत्र चूक म्हणत होतं.

भारत फोनवरून म्हणाला, "पप्पा, तुमच्या खात्यातून प्रयत्न करा. सुडो लावून मम्मीच्या फोल्डरात जाता येतंय का बघा." मी रोज सकाळी चहानंतर बसायचो आणि तो सांगेल ती आज्ञा द्यायचो. रोज तेच उत्तर. तुमचं नाव यादीत नाही, वरिष्ठांना कळवण्यात येईल. पहिल्या आठवड्यात अपमान वाटला. नंतर सवय झाली. एकदा तर मी मोठ्यानं म्हणालो, "अरे कोणते वरिष्ठ? वरिष्ठ गेल्या ना!" बाहेर अण्णासाहेब उभे होते. ते आत आले.

सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला. तलाठ्यानं चष्मा काढला की समजावं, प्रकरण लांबणार.

"रामराव, तुम्ही उगा त्या मशीनशी भांडून राह्यले. हे वारसाचं प्रकरण हे. सातबाऱ्यावर मयताचं नाव असलं तर शेतात पाऊल टाकता येतं का? न्हाई. आधी मयताचं नाव कमी, मंग वारसाचं लावायचं. फेरफार पायजे."

"कॉम्प्युटरचा फेरफार कोण करतो?"

"अर्ज तर लिहा. कागद तयार पायजे."

चौतीस वर्षांची सवय, मी लिहिला. विषय : प्रशासक पदी वारस नोंद होणेबाबत. मृत्यूचा दाखला जोडला, शपथपत्र जोडलं. सेतू केंद्रातल्या माणसानं तो अर्ज उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "काका, हा कॉम्प्युटर कोणत्या गटात येतो?" अण्णासाहेब गट नंबर सांगणार होते, मी त्यांना ओढून बाहेर आणलं.

मग मी कॉम्प्युटरचा डबा जुन्या साडीत बांधून एसटीनं जालन्याला नेला. डबा तेवढाच, बाकीचं सामान दुकानात असतंच असं भारत म्हणाला होता. कंडक्टरनं विचारलं, "काय हे?" मी म्हटलं, "घरातल्यांचं सामान हे." साडी ओळखीची असल्यामुळे मला वाटेत दोनदा खिडकीबाहेर पाहावं लागलं. दुकानातल्यानं डबा जोडला, पडदा पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"हे विंडोज न्हाई. साफ करून नवीन टाकून देतो, जल्दी होईल."

"साफ म्हणजे?"

"आतलं सगळं जाईल."

"बिलकुल नको," मी म्हटलं.

"मंग पासवर्ड सांगा. बघू."

दुकानात दहाएक माणसं होती, दोन ओळखीची. बायकोचा पासवर्ड माझं नाव आहे हे मी भर दुकानात कसं सांगणार? आणि सांगून उपयोग काय, यंत्रच चूक म्हणत होतं. मी "घरी राहिला" म्हणालो, डबा पुन्हा साडीत बांधला आणि परत निघालो. त्या दिवशी लाज गुंडाळून त्यांच्या कीबोर्डवर माझं नाव लिहिलं असतं, तर सगळा पुढचा त्रास वाचला असता. पण हे मला नंतर कळलं.

यंदा खंडेनवमी आली आणि गेली. वर्षाच्या आत घरात सण नसतो, म्हणून हत्यारं तशीच राहिली. वर्षश्राद्ध आठ दिवसांवर आलं. फोटो मोठा करून देणाऱ्या बबलूनं निरोप पाठवला की गुरुवारपर्यंत फोटो द्या, न्हाईतर आहे तोच आधारवाला चकचकीत करून देतो. चकचकीत शब्दानं माझी झोप गेली.

तेव्हा पायल आली. स्टँडजवळ कॉम्प्युटरचा क्लास चालवते, दैवशालाची विद्यार्थिनी. वर्षभर ती बाळंतपणासाठी माहेरी तीर्थपुरीला होती. तिला बाई गेल्याचं कळलं होतं, पण घरी यायचं धाडस झालं नव्हतं असं तिनं दारातच सांगितलं आणि रडली. मग भिंतीवरचा फोटो पाहिला आणि रडायची थांबली.

"काका, बाई अशा न्हवत्या."

"त्यासाठीच तर चाललंय सगळं," मी म्हटलं.

तिनं शांतपणे सगळं पाहिलं. म्हणाली, "बाहेरून जबरदस्तीनं पासवर्ड बदलता येतो. पण बाईंनी आपल्या फोल्डरला आतून कुलूप लावलंय. तसं केलं तर घरात जाल, पण फोटो उघडणार न्हाई. कधीच न्हाई. बराबर पासवर्डच पायजे."

"तो आहे माझ्याकडे. यंत्र ऐकत नाही."

"टाका बरं माझ्यासमोर," ती म्हणाली आणि तोंड फिरवून भिंतीकडे पाहत उभी राहिली.

"अगं बघ ना, काय चुकतं ते."

"दुसऱ्याचा पासवर्ड बघायचा न्हाई, काका. बाईंनी शिकवलंय. सगळ्या वर्गाला भिंतीकडं उभं करायच्या."

मी टाकला. चूक. ती भिंतीकडे, मी पडद्याकडे, आणि आधार कार्डावरची दैवशाला आमच्या दोघांकडे. माझा धीर सुटला. मी म्हटलं, "पायल, राहू दे. लावू दे चकचकीत करून. तिचा एक फोटो काढायचं काम होतं माझं छत्तीस वर्षांत, तोही मला नीट ठेवता आला नाही."

तिनं मला माझं साधं खातं उघडायला सांगितलं. मग खुर्चीत बसून ती भराभर काहीतरी लिहायला लागली. एका आज्ञेत मोठं एल लागत होतं. तिनं डावी शिफ्ट दाबून एल लिहिलं, ते लहानच उमटलं. पुन्हा दाबलं, पुन्हा लहान. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"काका, तुम्ही पासवर्डचं पहिलं अक्षर मोठं करता?"

"करतो ना. डावी शिफ्ट दाबून."

"ही शिफ्ट कधीपासून चालत न्हाई?"

मला काय माहीत? पत्ते खेळायला मोठं अक्षर लागत नाही. माझा स्वतःचा पासवर्ड भारत, तोही लहान अक्षरांत. आज्ञा सगळ्या लहान अक्षरांत. वर्षभरात त्या बटणाची गरज मला फक्त एका ठिकाणी पडली होती.

पायलनं कीबोर्ड उलटा करून झटकला. मग केसातली पिन काढून शिफ्टचं बटण हळूच उचकटलं. खाली वाळून दगड झालेलं कुंकू होतं, आणि त्यात चिकटलेला तांदळाचा एक दाणा.

दैवशाला नेहमी कीबोर्डच्या डाव्या कोपऱ्यात कुंकवाचं बोट लावायची, पडद्यावर लावलं तर डाग पडतो म्हणून. तिनं शेवटची केलेली पूजा त्या बटणाखाली वर्षभर तशीच होती, आणि मी रोज तिच्यावर बोट ठेवून माझं नाव लिहीत होतो. वर्षात पहिल्यांदा मी माणसासमोर रडलो. पायलनं तोंड फिरवून भिंतीकडे केलं.

कुंकू मी नखानं काढून कागदाच्या पुडीत बांधलं. पायलनं बटण परत बसवलं. मी माझं नाव लिहिलं, साल लिहिलं. यंत्रानं दार उघडलं.

फोटो लगेच सापडला. ती हसत होती. मी मोबाईल उलटा धरून फोटो काढत होतो म्हणून हसत होती, आणि फोटोच्या कोपऱ्यात माझा अर्धा अंगठा आला होता.

"अंगठा कापता येईल," पायल म्हणाली.

"नको. राहू दे."

एवढ्यात तिचं लक्ष पडद्यावरच्या दुसऱ्याच ओळीकडे गेलं. "काका, बाईंना टपाल आलंय. न वाचलेली एकशे बारा पत्रं."

"कोणाची?"

तिनं उघडली. सगळी एकाच साच्यातली होती. तारीख, वेळ, आणि मग रामराव नावाच्या वापरकर्त्यानं अधिकार नसताना अमुक आज्ञा देण्याचा प्रयत्न केला. वरिष्ठांना कळवण्यात येईल म्हणजे काय ते मला तेव्हा समजलं. यंत्र खरंच कळवत होतं. रोज सकाळी चहानंतर मी काय केलं, ते दैवशालाला कळवत होतं. ती गेली आहे हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

आणि खाली एक जुना कप्पा होता. त्याला तिनं मराठीत नाव दिलं होतं, ह्यांचे उद्योग. त्यात तिनं वाचून जपून ठेवलेली पत्रं होती. पहिलं घड्याळाचं. मग प्रिंटरचं, अक्षरांचं, पुन्हा घड्याळाचं. एकही तिनं काढून टाकलं नव्हतं. मनातल्या मनात मी अण्णासाहेबांची माफी मागितली.

अण्णासाहेब नेमके तेव्हाच आले. फोटो पाहून त्यांनी हात जोडले, मग व्यवहारावर आले. "पोरी, आता ह्यांचं नाव लावून टाक यादीत. वारस हे, कागद तयार हे."

"लावते ना. एका मिनिटाचं काम. काका, तुम्हाला ॲडमिन करू?"

मी त्या एकशे बारा पत्रांकडे पाहिलं. नाव यादीत लागलं की यंत्र माझं निमूट ऐकणार, आणि कोणाला काही कळवणार नाही.

"नको," मी म्हटलं.

"अहो रामराव, हक्क हे तुमचा!" अण्णासाहेब चिडले. "एवढी धावपळ कशाला केली मंग?"

मी फोटोकडे बोट दाखवलं. त्यांना वाटलं मी भ्रमिष्ट झालो, आणि त्यांनी तसं गल्लीत सांगितलंही.

वर्षश्राद्ध नीट पार पडलं. भिंतीवर आता दैवशाला हसते आहे, कोपऱ्यात माझा अंगठा आहे. आलेल्या माणसांनी अंगठ्याबद्दल विचारलं, ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं.

आता रोज सकाळी चहा झाला की मी माझ्या साध्या खात्यात जातो आणि कॉम्प्युटरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे करायची आज्ञा देतो. यंत्र मला सांगतं की तुमचं नाव यादीत नाही, ही घटना वरिष्ठांना कळवण्यात येईल.

मी म्हणतो, कळव बाबा. जल्दी कळव.